दुकानाच्या बोर्डावर तीन लिप्या, तरी उठून दिसायला काय करावं?

टिळकवाडीकर विचारतात:
बेळगावात खडेबाजारला साड्यांचं दुकान उघडतंय. दर्शनी जागा 10 × 3 फूट. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही हवंय. आलेल्या नमुन्यात नाव, दोन मोबाईल नंबर, दोन देव, साडीतली बाई, 'प्रो. प्रा.' सगळं कोंबलंय आणि लांबून काहीच वाचता येत नाही. मापं, फॉन्ट, रंग नेमके सांगा की.

शहापूर_अक्षर:
आधी जागेची वाटणी, फॉन्ट नंतर. कर्नाटकच्या 2024 च्या दुरुस्ती कायद्याने फलकावर 60 टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या भागात. तुमच्या 30 चौरस फुटांतले 18 कन्नडला गेले, म्हणजे वरची साडेएकवीस इंच उंचीची अखंड पट्टी. तिथे अक्षर 11 इंचांचं धरा, मोठं नको. कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात, त्यांना पाचेक इंच मोकळे लागतात.

उरले साडेचौदा इंच. त्यात मराठी आणि इंग्रजी एकाखाली एक घातलंत तर दोन्ही मरतात. शेजारी ठेवा, मराठीला सहा फूट, इंग्रजीला चार. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार सोडून मराठी अक्षर साडेसहा इंचांचं बसतं. दर 10 फुटांना एक इंच हा ढोबळ हिशेब. साठ फुटांवरून आरामात वाचता येईल. त्या गर्दीत त्याहून लांबून कोण बघणार!

देव, बाई, 'प्रो. प्रा.' काढाच. नंबर काचेच्या दारावर.

फॉन्ट: 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'अनेक' घ्या. गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. देवनागरी, कन्नड, इंग्रजी एकाच वळणाचे असल्याने तिन्ही नावं एका घरातली वाटतात. 'बालू' या दुसऱ्या फॉन्टचंही कन्नड भावंड आहे, पण ते गोलसर वळण मिठाईला शोभतं, साडीला नाही. नाव लांब असेल तर फॉन्टचाच अरुंद प्रकार निवडा. नाव माऊसने आडवं दाबून अरुंद केलंत की उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेघ मात्र जाडच राहते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेघच तुटते. आपल्याकडचे निम्मे बोर्ड इथेच बिघडतात.

निपाणी_प्रिंट:
वरच्या मापांत एक भर. रात्री सुट्या अक्षरांत एलईडी घालायचा विचार असेल तर थांबा. रेघ दीड इंचाहून बारीक असली की आत मॉड्यूल (एलईडीची छोटी पट्टी) नीट बसत नाही. 11 इंची जाड कन्नड उजळेल, मराठी-इंग्रजी अंधारात जाईल. त्यापेक्षा अख्खा बोर्डच आतून उजळणारी पेटी करा. खोली चार इंच, मॉड्यूलही साधारण चार-चार इंचांवर. पेटी उथळ केली की दिव्यांचे ठिपके दिसतात. अंदाजे 270 मॉड्यूल, 0.72 वॅटचे, म्हणजे 195 वॅटच्या आसपास. 12 व्होल्टचा एसएमपीएस (दिव्यांना वीज पुरवणारा डबा) 250 वॅटचा, पावसात चालणारा घ्या. काठोकाठ भार दिला तर तापून जातो. पेटीच्या तळाला पाणी निघायला भोकं हवीतच, आपला पाऊस माहीत आहे.

रंग गडद मरून, अक्षरं मलईच्या रंगाची. निळ्यावर लाल नको, डोळ्यांपुढे थरथरतं. फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत), अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून), चारही बाजूंना दुमडायला तीन इंच जादा. श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमधला मजकूर तसाच दिला आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला तर बोर्डावर भलतंच काहीतरी उमटतं.

टिळकवाडीकर:
कन्नड नाव मोबाईलवरून रूपांतर करून घेतलं तर चालेल?

शहापूर_अक्षर:
नको. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहितात, देवनागरीत तो भेद दिसत नाही. यंत्र अंदाजाने एक उचलतं. आडनावात तर हमखास चुकतं. कन्नड शाळेतल्या शिक्षकांकडून वाचून घ्या, पण संगणकावरचा मजकूर नव्हे, कर्व्ह केल्यानंतरची ए4 छापील प्रत. जोडाक्षर सुटलेलं असेल तर तिथेच सापडतं.