वेतोनच्या बेरजेवर मुलांची शाखा ठरवू नका, निदान जावाचं नाव लावून तरी

सोलोकरीण

परवा ग्रहमित्रदादांनी लिहिलं की आपल्या पत्रिकेची बारा घरं आणि नऊ ग्रह सोडा, इंडोनेशियातल्या जावा बेटाची पद्धत बघा. जन्मवार आणि बाजारवार (तिथल्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वार) यांची जोडी म्हणजे वेतोन; दोघांचे आकडे मिळवायचे, नेप्तू म्हणजे बेरीज काढायची आणि दहावीच्या मुलाने कुठली शाखा घ्यावी ते तक्त्यात वाचायचं. तक्ताही दिला: १० ला नोकरी, १४ ला धंदा, १७ ला अधिकारपद. खाली चाळीस जणांनी आपापल्या मुलांच्या जन्मतारखा टाकल्या. ते वाचून मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अकरा वर्षं जावातल्या सोलो शहरात राहते. नवरा सूतगिरणीत, मीही तिथल्याच भरतीच्या कचेरीत. माझ्या टेबलामागच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन यांतलं एक नाव छापलेलं असतं. ही पाच नावं मुळात बाजाराच्या पाळीची. आजही इथे पासार लेगी (पासार म्हणजे बाजार) आहे, पासार क्लिवोन तर शहराचा अख्खा भाग आहे. सात वार आणि पाच बाजारवार यांची जोडी ३५ दिवसांनी फिरून येते, तिला सेलापान म्हणतात. शेजारच्या बू (बायकांना इथे आदराने असंच म्हणतात) आपल्या नातवाच्या वेतोनला दर ३५ दिवसांनी तांदळाची पेज करतात, अर्धी नारळाच्या दुधातली पांढरी, अर्धी गुळाची लाल. एक वाटी आमच्या दारात येते. त्या दिवशी त्या पोराला घरात कोणी रागावत नाही. वेतोन मी पाहिलं आहे ते हे असं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशिनवर, एक मुलगा आहे. मशिन चालू असताना तुटलेला धागा असा जोडतो की बघत राहावं. चार वर्षांपूर्वी त्याला जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. आईने घडी घातलेला कागद माझ्यासमोर ठेवला. सेलासा वागे, म्हणजे मंगळवारचे ३ आणि वागेचे ४, बेरीज ७. याहून कमी नेप्तू असूच शकत नाही. कोणीतरी मोबाइलवर तक्ता काढून सांगितलं होतं की कमी आकड्याच्या माणसाने जास्त आकड्याच्या माणसांवर हुकूम चालवला तर घरात आजारपण येतं. त्याच्या हाताखाली येणारे सगळेच सातच्या वरचे. पोराने मान खाली घालून नकार दिला. पगारातला फरक तीस टक्के होता. त्याची बायको नंतर माझ्याच टेबलाशी येऊन रडली.

दादा, तुमचा तक्ता वाचताना मला तो घडी घातलेला कागद दिसत होता. ज्यांचा बाजार क्लिवोनला भरत नाही, ज्यांच्या आजीने कधी ती पेज केली नाही, त्यांच्या पोरांना हे आकडे कशाला चिकटवायचे?

ग्रहमित्र

ताई, तुमच्या भावना समजल्या, पण एका मुलाच्या गोष्टीवरून शेकडो वर्षांची विद्या मोडीत निघत नाही. नकार त्या मुलाने दिला, नेप्तूने नाही.

आणि हे परकं आहे असं का म्हणता? जावात शक आपलाच चालतो. मंगळवार आणि क्लिवोन एकत्र आले की त्या दिवसाला ते अंगारा कासिह म्हणतात आणि पवित्र मानतात. आपल्याकडे अंगारकीला सिद्धिविनायकाला रांगा लागतात त्या कशासाठी? विद्या इथूनच गेली, तिथे जपली गेली, आता परत येते आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी २२ वर्षं बँकेत कॅशला बसलो आणि रोज मन मारून बसलो. जकार्तातल्या एका सहकाऱ्याने माझं वेतोन काढलं आणि सांगितलं, तुमचं लक्षण सुमुर सिनाबा, म्हणजे लोक पाण्याला येतात ती विहीर. तुम्ही शिकवायला हवं. त्या एका वाक्याने मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आज माझ्याकडे साठ मुलं शिकायला येतात. याला तुम्ही काय म्हणाल?

गणितवाल्या बाई

मी म्हणेन, शिकवायची इच्छा तुमच्यात २२ वर्षं होती आणि कोणीतरी तिला सुंदर नाव दिलं. ते नाव सुंदर आहे, हे मनापासून मान्य. पण ज्याला "लेबू कातियुप आंगिन", वाऱ्यावर उडणारी धूळ, असं लक्षण मिळेल त्या पंधरा वर्षांच्या मुलाने काय करायचं?

आता आकडे. जोड्या ३५, नेप्तू ७ ते १८, म्हणजे उत्तरं फक्त बारा. त्यातही वाटणी समान नाही. ७ आणि १८ एकेकाच जोडीला येतात, १२ आणि १३ पाच-पाच जोड्यांना. म्हणजे साधारण दर सातवा माणूस १३ चा. लतादीदींची जन्मतारीख २८ सप्टेंबर १९२९ घ्या: शनिवार वागे, ९ आणि ४, बेरीज १३. जावात दिवस मावळतीला बदलतो, म्हणून कोणी पुढचा दिवस धरला तर रविवार क्लिवोन, ५ आणि ८, पुन्हा १३. मग दर सातव्या माणसाला गळा लाभायला हवा होता.

आणखी एक. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो ६ जून १९०१, गुरुवार पोन, ८ आणि ७. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो ८ जून १९२१, बुधवार क्लिवोन, ७ आणि ८. दोघांचेही १५. एकाने दुसऱ्याला सत्तेवरून दूर केलं आणि सुकार्नो १९७० साली नजरकैदेतच गेले.

ग्रहमित्र

बाई, दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले हे तुम्हीच सिद्ध केलंत! माझ्या तक्त्यात १५ ला नेतृत्वच आहे.

गणितवाल्या बाई

१५ तीन जोड्यांना येतो. जावा बेटावर १५ कोटींहून जास्त माणसं आहेत, म्हणजे सव्वा कोटीच्या वर नेते. उरलेल्यांचा हिशोब कोणी मांडायचा?

पिंपळपान

जावाचं मला कळत नाही, पण पालक म्हणून बोलणार. माझ्या मुलीच्या क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे आले होते. साडेचार हजार घेतले, चाळीस पानी रंगीत अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की मुलीचा गणिताचा मेंदू कमकुवत, तिने कलाक्षेत्रात जावं. नववीपर्यंत गणितात नव्वदच्या वर असलेली मुलगी दहावीच्या सहामाहीत पेपर कोरा ठेवून आली. मला म्हणाली, "बाबा, ते माझ्यात नाहीच ना." तो अहवाल मी गॅलरीत जाळला. वेतोन, बोटांचे ठसे, राशी, रक्तगट, मला सगळं एकच. पंधरा वर्षांच्या मुलाला "तुझ्यात हे नाही" असं सांगायचा हक्क कोणालाच नाही.

रानजाई

पिंपळपान, पोटातलं बोललात. मी मूळ नक्षत्रावरची. सासऱ्याला वाईट म्हणून पाच स्थळं परत गेली. सोलोकरीणताई त्या मुलाची गोष्ट सांगतात तेव्हा मला जावा दिसत नाही, आमची माजघरातली बैठक दिसते. कागद मध्ये ठेवलेला आणि सगळे गप्प.

गोदाकाठ

मूळ विषयावर नंतर येतो, पण "शक आपलाच, म्हणून विद्या आपलीच" हे वाक्य असंच सोडता येणार नाही.

शक तिथे गेला हे खरं. जावातल्या मागेलांगजवळचा चांगालचा शिलालेख शके ६५४ चा, म्हणजे इसवी ७३२ चा आहे आणि संस्कृतात आहे. पण पाच दिवसांचा बाजार-आठवडा हा जावाचा स्वतःचा. आपल्या पंचांगात तो कुठे आहे ते दाखवा. शिवाय १६३३ साली जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने महिने हिजरी पद्धतीचे केले आणि वर्षाचा आकडा मात्र शकाचा, १५५५, तसाच पुढे चालू ठेवला. चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचं आणि अधिक महिना नाही, म्हणून त्यांचा आकडा आपल्यापुढे पळतो. जून २०२५ मध्ये त्यांचं १९५९ सुरू झालं तेव्हा आपलं १९४७ चालू होतं. बारा वर्षांचं अंतर पडलेलं पंचांग "आपलंच" कसं?

सह्यकडा

बाकी ठीक, पण शालिवाहन शकाचा अभिमान बाळगण्यात काय चूक? हा महाराष्ट्राचा शक आहे. पैठणचा आहे.

गोदाकाठ

अभिमान जरूर बाळगा, पण शिलालेखही वाचा. हा शक आधी पश्चिम क्षत्रपांच्या, म्हणजे शकवंशी राजांच्या, लेखांत दिसतो, शालिवाहनाचं नाव त्याला पुष्कळ नंतर चिकटलं. ज्या सातवाहनांच्या नावाने आपण तो मिरवतो त्यांच्यातल्या गौतमीपुत्राने क्षत्रप नहपानाला हरवलं. आमच्या नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला आहे. जोगळटेंभीचं नाव नाशिकच्या शाळकरी पोरांना माहीत नसतं, याचं मला खरंच दुःख होतं.

सह्यकडा

म्हणजे आता शकही आपला नाही? उद्या म्हणाल शिवजयंती तिथीने करू नका, कारण शके १५५१ लिहिलेलं परक्यांचं!

गोदाकाठ

माझ्या तोंडी शब्द घालू नका. महाराजांनी १६७४ ला स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. कालगणना राजे बदलतात, सुलतान आगुंगनेही तेच केलं. एवढंच म्हणतो आहे, आणि तुम्ही लगेच तिथी-तारखेच्या वादावर उडी मारलीत.

सह्यकडा

उडी तुम्ही मारलीत, जावातून थेट जोगळटेंभीला. आम्हाला इतिहास शिकवायची गरज नाही.

पिंपळपान

अहो, इथे चाळीस आईबापांनी मुलांच्या जन्मतारखा टाकल्या आहेत. आधी त्यांचं बोला. नाणी नंतर मोजू.

सोलोकरीण

गोदाकाठ, नाण्यांचं वेगळं लिहा, मी नक्की वाचेन. सह्यकडा, तुम्हीही रागावू नका.

ग्रहमित्रदादा, तुमची विहिरीची गोष्ट मी तीनदा वाचली. ज्याने तुम्हाला ते सांगितलं तो तुम्हाला ओळखत होता ना? रोज सोबत जेवत होता, तुमचं कुढणं बघत होता. लक्षणं सात असतात. त्याने तुमच्याकडे बघून बोलायचं ठरवलं.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते मी आधी लिहिलं नाही, कारण ते तुमच्या बाजूने जाईल असं वाटलं. पण अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही. या वर्षी त्याची आजी वोनोगिरीहून आली. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, सात म्हणजे पितु. पितु म्हणजे पितुलुंगान. पितुलुंगान म्हणजे मदत, आधार. "याच्या वाट्याला लोकांना मदत करायचं काम आलंय आणि तुम्ही याला घरी बसवता?" सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला इथल्या बायका हाच शब्द म्हणतात, तिला तो कुठल्या तक्त्यात शोधावा लागला नाही. मग तिनेच दिवस काढला, पेज केली, आणि पुढच्या सोमवारी तो माझ्यासमोर उभा राहिला: "बू, ती जागा अजून आहे का?"

ग्रहमित्र

म्हणजे शेवटी वेतोननेच त्याला जागा मिळवून दिली. एवढं तरी मान्य करा.

सोलोकरीण

मान्य. पण आजीने दिली. तोच सात तक्त्यात चार वर्षं त्याच्या मानेवर बसला होता आणि म्हातारीच्या तोंडी त्याचा आधार झाला. तुमच्या तक्त्याखालच्या चाळीस मुलांपैकी एकाला तरी तुम्ही पाहिलं आहे का?

ग्रहमित्र

दोघांना. माझ्याकडेच शिकतात.

ठीक आहे. तक्ता काढून टाकतो. त्या अडतीस जणांना वैयक्तिक निरोप पाठवतो की शाखा त्यावरून ठरवू नका. पण कोणी स्वतः येऊन वेतोन विचारलं तर सांगणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि "विद्या इथूनच गेली" हे मी मागे घेतलेलं नाही, गोदाकाठ यांनी नोंद घ्यावी.

गोदाकाठ

घेतली. पाच बाजारवारांचा एक तरी भारतीय पुरावा आणा, मग बोलू.

रानजाई

ताई, ती जागा होती का अजून?

सोलोकरीण

ती नव्हती, दुसऱ्या पाळीतली होती. रात्रीची आहे, पण घेतली त्याने. काल पगाराच्या दिवशी त्याच्या बायकोने डबा आणून दिला. लाल आणि पांढरी, दोन्ही.