विषय: मुलीला प्रोग्रॅमिंग मनापासून आवडेल का, कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,
आमची मुलगी अकरावीत आहे. पुढच्या जानेवारीपर्यंत इथल्या युनिव्हर्सिटींचे फॉर्म भरायचेत. नात्यात बहुतेक सगळे आयटीत, त्यामुळे ती कॉम्प्युटर सायन्सच घेणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मार्क चांगले आहेत. पण आवडतं का विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणते. आयुष्याची चार वर्षं त्यात घालण्याआधी हे कळण्याचा काही मार्ग आहे का?
— एक आई, मिसिसागा (कॅनडा)

*

ताई, नमस्कार.
मार्कांवरून हे कळत नाही. शाळेच्या असाइनमेंटमध्ये वाट शिक्षकांनी आखून दिलेली असते. प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो तेव्हा तिला काय वाटतं, ते बघा. या कामातला बराच वेळ तिथेच जातो. केंब्रिजमध्ये एडसॅक हा सुरुवातीच्या काळातला कॉम्प्युटर उभारणाऱ्या मॉरिस विल्क्सना १९४९ सालीच उमगलं होतं, की आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार.

तिला एक काम द्या: वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं का, हे सांगणारा प्रोग्रॅम. इंग्रजी शब्दांना लगेच जमेल. मग ‘रामाला भाला मारा’ टाकायला सांगा. शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढल्या तरी उत्तर ‘नाही’ येईल. आपल्या लेखी ‘रा’ हे एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीनं साठवतो तिच्यात, ‘र’ वेगळा आणि त्याच्यानंतरचा काना वेगळा. ओळ उलटी केली की काना आधी येतो, ‘र’ नंतर. ‘मराठी’ची लांबी पायथन ५ सांगतो ती याचमुळे. हे कारण तिला सांगू नका, आणि एआयलाही विचारायचं नाही.

चिडेल. चिडू द्या, सगळेच चिडतात. पण जेवताना तोच विषय काढते का? ओळीतला एकेक तुकडा सुटा छापून बघावा, हे तिला आपणहून सुचतं का? कारण सापडल्यावर तुम्हाला हाक मारते का? तसं झालं तर निर्धास्तपणे पुढे जाऊ द्या. नुसतं ‘उत्तर कुठे मिळेल’ एवढंच विचारत राहिली, तर इतर विषयही मनापासून बघा. त्यात कमीपणा काहीच नाही.
— स्कारबरोहून

*

काकांचं पटलं, थोडी भर घालते. नोकरीत इतकी सुटसुटीत कोडी क्वचितच येतात. दुसऱ्यानं कधीकाळी लिहिलेला कोड वाचायचा, त्याच्या मनात काय होतं ते ताडायचं आणि बाकी काही न मोडता दोन ओळी बदलायच्या, हेच जास्त. मला स्वतःला त्यातच गोडी वाटते, पण माझ्याबरोबरचे काही हुशार लोक याच कारणानं बाहेर पडले. म्हणून तिला तेही करून बघू दे. आपल्या गणपतीच्या जेवणाच्या कूपनांचा प्रोग्रॅम माझ्याकडे आहे. बराच जुना, अनेकांचे हात लागलेला. पाठवू का?
— ब्रॅम्प्टनहून

*

काका, ताई, मनापासून आभार.
कारण तिनं स्वतः शोधलं. काना, मात्रा, वेलांट्या आधीच्या अक्षराला जोडून घेतल्या आणि ‘रामाला भाला मारा’ जमलं. मग आजीनं फोनवर ‘चिमा काय कामाची’ सांगितलं. तिथे पुन्हा ‘नाही’! पहिली ‘चि’ ऱ्हस्व, शेवटची ‘ची’ दीर्घ. आजी म्हणते चालवून घे, लेक म्हणते नियम म्हणजे नियम, आणि रात्री उशिरापर्यंत दोघींचा वाद चालला होता. कूपनांचा प्रोग्रॅम जरूर पाठवा. त्यात ती किती टिकते, तेही बघायचंय.