मॉर्फिन मिळत नाही, पॅच परवडत नाही. काय करावं?

निशिगंध: वडिलांचा कॅन्सर हाडांत पसरलाय. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी पुरेना, म्हणून फेंटानिलचा (कातडीवर चिकटवायचं तीव्र वेदनाशामक) पॅच सुरू केला. आराम आहे, पण दर तीन दिवसांनी नवा लावायचा, खर्च झेपत नाही. मॉर्फिनच्या गोळ्या विचारल्या तर रुग्णालयात "आम्ही ठेवत नाही" एवढंच उत्तर. महाग ते ठेवतात, स्वस्त ते नाही! कुठे चौकशी करू?

बोरू: कॅन्सर रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) ओपीडीत दाखवा. उपचार दुसरीकडे चालू असले तरी विचारायला हरकत नाही. सगळे पेपर न्या, क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट तर नक्कीच. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात, मग पॅचच बरा. आणि कृपा करून घरच्या घरी पॅच काढून गोळ्या सुरू करू नका. काढल्यावरही औषध बरेच तास अंगात असतं. डोसाचं गणित डॉक्टरांनाच करू द्या.

गोळीवाला: औषधखात्यात होतो, म्हणून आतलं सांगतो. साध्या मॉर्फिनच्या गोळीत नफा नगण्य. वर अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे परवाना, कुलपातलं कपाट, गोळीगणिक नोंद. मोजक्या पेशंटांसाठी ही उस्तवार कुणी करत नाही. खरं तर त्याच कराराच्या प्रस्तावनेत वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत, ती उपलब्ध हवीत, असंही लिहिलंय. ते सोयीस्कर विसरलं जातं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०१७ चा हिशेब बघा: जगभर वर्षाला मॉर्फिनच्या मापात २९८.५ टन ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) वाटली जात होती, त्यातली सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन.

पण तुमच्या बाबतीत एक गोम आहे. फेंटानिलही त्याच करारात येतं. ते देतात म्हणजे नोंदी-कपाटाची व्यवस्था बहुधा आहेच. डॉक्टरांकडून नावानिशी मागणी लिहून घ्या आणि रुग्णालयाच्या औषधखात्याच्या प्रमुखांना भेटा. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालून काही होत नाही.

निशिगंध: हे लक्षातच आलं नव्हतं! बाबांना मात्र व्यसनाची धास्ती आहे.

बोरू: दुखण्याच्या मापाने, देखरेखीखाली घेतलं तर तो धोका कमी असतो. बद्धकोष्ठ मात्र हमखास, रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही.

सायली_क: हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचं विचारलंत का? पुष्कळदा एकाच बैठकीत भागतं, आणि गोळ्याही कमी लागू शकतात.