मदत हवी आहे: एआय एजंटसाठी सीएमएसच्या टूल्सचं वर्णन किती आणि कुठे लिहावं?

नमस्कार मंडळी,

आमचं कंटेंटचं काम वर्डप्रेस या सीएमएसवर, म्हणजे वेबसाइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतं. लेख शोधणं, मसुदा करणं, बदलणं, प्रकाशित करणं, काढणं ही कामं एमसीपी (एआयला बाहेरची टूल्स जोडण्याची ठरलेली पद्धत) सर्व्हरमधून एआय एजंटला टूल्स म्हणून दिली आहेत. मागे वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने वर्डप्रेसला कामं सांगायचा मार्ग. टूल्स नीट चालतात, अडतंय ते वर्णनाच्या मजकुरापाशी, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आहे.

नेमकं काय होतं ते सांगतो. लेख बदलण्याच्या टूलचं वर्णन होतं, 'दिलेल्या आयडीचा लेख अपडेट करतं'. एजंटला म्हटलं, या लेखाला अजून एक कॅटेगरी जोड. त्याने फक्त नव्या कॅटेगरीचा आयडी पाठवला आणि आधीच्या सगळ्या कॅटेगरी गेल्या. एपीआयचा नियमच तसा आहे: शीर्षक पाठवलं नाही तर जुनं राहतं, पण कॅटेगरीची यादी पाठवली की ती जुन्या यादीच्या जागी बसते. माणसाला स्क्रीनवर टिक केलेले चौकोन दिसतात, त्यामुळे हे त्याला सांगावं लागत नाही. एजंटपुढे असतं ते फक्त टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कशी पाठवायची त्याचा आराखडा.

मग वर्णन असं केलं: 'न पाठवलेली फील्ड्स तशीच राहतात. कॅटेगरी आणि टॅग मात्र पूर्ण यादीसह पाठवा. सध्याचे आयडी आधी लेख वाचण्याच्या टूलने घ्या.' घोळ थांबला. पण असं प्रत्येक टूलला लिहायला बसलं की मजकूर फुगतो. डिलीट केलेला लेख ट्रॅशमध्ये जातो, पण 'फोर्स' ट्रू दिलं तर कायमचा जातो. तारीख पुढची असेल तर 'पब्लिश' म्हणूनही लेख शेड्यूलच होतो आणि एजंट सांगतो, प्रकाशित झाला! यादीत मुळात 10 लेख येतात, फार तर 100 मागता येतात. एजंट पहिले 10 बघून 'एवढेच आहेत' म्हणतो. हे सगळं त्याला कळायलाच हवं. पण टूल वापरलं जावो न जावो, त्याचं वर्णन सहसा मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (ते एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात) जागा खातंच.

तर वर्णनात काय ठेवावं, पॅरामीटरपाशी काय, आणि एरर मेसेजवर काय सोडावं? आणि 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट' (हे टूल काही नष्ट करू शकतं अशी एमसीपीतली खूण) लावली की डिलीटच्या वर्णनातली ताकीद काढली तर चालेल का?

प्रतिसाद १

ताकीद काढू नका. ती हिंट क्लायंटसाठी (एजंट ज्यात चालतो त्या ॲपसाठी) आहे, म्हणजे वापरणाऱ्याची परवानगी विचारायची की नाही हे त्याला ठरवता यावं म्हणून. ती मॉडेलपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा 'फोर्स' हा पॅरामीटर टूलमध्ये देऊच नका. कायमचं काढायचं काम माणसाकडे राहू दे. कॅटेगरीचंही तसंच: 'कॅटेगरी जोडा' असं वेगळं टूल करा, जुनी यादी त्याने आतल्या आत वाचावी. ज्या टूलला परिच्छेदभर सूचना लागतात, त्याची रचनाच आधी तपासावी असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. बाकीचं बरंचसं टूलच्या उत्तरात जाऊ शकतं. एकूण लेख किती हे वर्डप्रेस रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये (उत्तराच्या मुख्य मजकुराबाहेरच्या माहितीत) देतं. तुमचं टूल फक्त बॉडी, म्हणजे मुख्य मजकूर, पुढे देत असेल तर एजंटला ते दिसणारच नाही. निकालातच लिहा: '240 पैकी 1 ते 10, पुढचं पान 2'. पब्लिश केल्यावर खरं स्टेटस आणि वेळ परत द्या. कुठलं टूल केव्हा वापरायचं आणि केव्हा नाही, हे मात्र वर्णनातच हवं. टूल निवडताना मॉडेल तेच वाचतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. 'फोर्स' आजच काढतो. एक अडचण उरते: एपीआयला कॅटेगरीचे आयडी लागतात, आमचे लोक एजंटला नावं सांगतात. टूलने नाव स्वीकारावं का? एकच नाव दोन वेगवेगळ्या मुख्य कॅटेगरींखाली असू शकतं.

प्रतिसाद २

स्वीकारा. दोन सापडल्या तर काहीही न बदलता एरर द्या आणि त्यात दोन्हींचे आयडी व मुख्य कॅटेगरी लिहा: 'या नावाच्या दोन कॅटेगरी आहेत, आयडी देऊन पुन्हा बोलवा, खात्री नसेल तर वापरणाऱ्याला विचारा.' हे वर्णनात आधीपासून लिहून ठेवायची गरज नाही.