दुखत नव्हते म्हणून : वृषणाच्या कर्करोगाचे अनुभव

वृषणाच्या कर्करोगातून गेलेल्यांकडून, त्यांच्या घरच्यांकडून आणि नुसत्या शंकेने घाबरून परत आलेल्यांकडूनही अनुभव मागवतो आहे. प्रश्न एकच आहे. काहीतरी वेगळे जाणवले त्या दिवसापासून डॉक्टरांना दाखवले त्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, आणि ते कशात गेले?

सुरुवात माझ्यापासून करतो. तेव्हा माझे वय ३१ होते. आंघोळ करताना उजव्या वृषणावर बोटाला वाटाण्याएवढे काहीतरी टणक लागले. ते वरून चिकटलेले नव्हते, वृषणाच्या अंगातच होते, आणि दाबले तरी दुखत नव्हते. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ७४ दिवस घालवले. नंतर कॅलेंडर घेऊन मोजले, म्हणून आकडा इतका नेमका आहे. त्याच ७४ दिवसांत मी दाताच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो होतो. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत जागा अवघड होती, पण दुखणेच नव्हते, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

एकदा दाखवल्यावर मात्र सगळे वेगाने घडले. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली, या कर्करोगात वाढू शकणाऱ्या रक्तातील एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन घटकांची तपासणी झाली, आणि आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया. सुई घालून तुकडा तपासतील अशी माझी अपेक्षा होती. पण इथे क्रम उलटा असतो. संशय पक्का असेल तर अख्खे वृषणच काढून तपासणीला पाठवतात, आणि तेही वृषणकोशावर नव्हे तर जांघेत छेद घेऊन, कारण वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (शरीरातील द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) त्याच वाटेने पोटात जातात, आणि कोशाला छेद दिला तर कर्कपेशींना पसरायला नवी वाट मिळण्याचा धोका असतो. माझी गाठ सेमिनोमा (या कर्करोगाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक) आणि पहिल्या टप्प्यातील, म्हणजे वृषणापुरतीच, निघाली. अशा रुग्णांपैकी शंभरातील ऐंशी किंवा त्याहून अधिक जणांना केवळ शस्त्रक्रिया पुरते, म्हणून पुढील औषधे न घेता ठरावीक काळाने सीटी स्कॅन आणि रक्ततपासणी करत राहण्याचा मार्ग मी निवडला. स्कॅनच्या आधीचे दोन दिवस मी अजूनही घरात कोणाशी नीट बोलत नाही.

आता तुमचे दिवस सांगा.

वय २४, डावी बाजू

माझे स्वतःचे फक्त ५ दिवस गेले, पण पुढचे दोन महिने औषधांत गेले. डाव्या बाजूला सूज होती, थोडा जडपणा होता, म्हणून डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली. सूज किंचित उतरल्यासारखी वाटली, पुन्हा आली, पुन्हा तीच औषधे. त्यांना मी दोष देत नाही, कारण माझ्या वयात अशी सूज बहुतेक वेळा संसर्गाचीच असते. पण पहिल्या औषधांनी सूज पूर्ण गेली नाही त्याच वेळी सोनोग्राफी व्हायला हवी होती, हे आज मला ठामपणे म्हणावेसे वाटते.

माझी गाठ नॉन-सेमिनोमा होती आणि एएफपी बराच वाढलेला होता. (निव्वळ सेमिनोमात एएफपी वाढत नाही, हे मला तेव्हा कळले.) शस्त्रक्रियेनंतर हा आकडा पाच ते सात दिवसांत निम्मा, पुढच्या तितक्याच दिवसांत त्याचा निम्मा, असा उतरायला हवा होता. तो उतरता उतरता मध्येच थांबला, आणि शरीरात अजून कुठेतरी रोग आहे हे त्या थांबण्यावरून कळले. स्कॅनमध्ये पोटातील लसीकाग्रंथी वाढलेल्या दिसल्या.

मग बीईपी या केमोथेरपीची तीन आवर्तने झाली. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन या तीन औषधांची ती आद्याक्षरे आहेत. एक आवर्तन २१ दिवसांचे असते. पहिले पाच दिवस सलग औषध आणि भरपूर सलाइन, कारण सिस्प्लॅटिनचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. केस दुसऱ्या आवर्तनाच्या आधीच गेले. त्याचे इतके वाईट वाटले नाही. कानात सतत ऐकू येणारा बारीक सूर आणि पायांच्या बोटांतला बधिरपणा यांनी अधिक छळले. बधिरपणा पुष्कळ कमी झाला, सूर अजून आहे. ब्लिओमायसिन फुप्फुसांवर परिणाम करू शकते, म्हणून यापुढे कधीही भूल घ्यायची वेळ आली तर हे औषध मिळाले होते असे भूलतज्ज्ञांना आधी सांगायचे, अशी सूचना मला मिळालेली आहे आणि तो कागद मी पाकिटात ठेवतो.

केमोपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल मला कोणीही आपणहून सांगितले नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णाने विचारले, ‘ते काम केलेस का?’ आणि मी डॉक्टरांकडे धावलो. आधीच सांगायला हवे, अशी ही गोष्ट आहे.

(माझा प्रश्न : सोनोग्राफी शेवटी कोणी सांगितली?)

आईने. तिने डॉक्टरांना एवढेच विचारले की आत नक्की काय आहे ते पाहता येते का.

पत्नीचा अनुभव

आमच्याकडे दिवस मोजणे अवघड आहे, कारण आम्ही चुकीच्या जागेचे दुखणे मोजत होतो. माझ्या पतींना कंबरेच्या थोडे वर पाठ दुखायची. बसण्याची पद्धत बदलली, गादी बदलली, व्यायाम झाले, मणक्याचे एक्स-रे झाले. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे नुसत्या बसण्याने येते का, हा प्रश्न मला पडायचा, पण मी तो विचारला नाही. चार महिन्यांनी पोटाच्या सोनोग्राफीत पाठीच्या कण्यापुढे मोठ्या झालेल्या लसीकाग्रंथी दिसल्या, आणि तेव्हा प्रथमच एका डॉक्टरांनी वृषणे तपासली. एक बाजू दगडासारखी टणक होती. ह्यांना ते वर्षभर माहीत होते. मला नव्हते.

वृषणाचा आजार पाठीत कसा, हे मला तज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावले. गर्भात वृषणे मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली कोशात उतरतात, पण त्यांच्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या मूळ जागेशी जोडलेल्या राहतात. म्हणून रोग पसरतो तेव्हा आधी जांघेत नव्हे, तर पोटात खोलवर, कण्यालगतच्या ग्रंथींत जातो. तेवढ्या चित्राने माझा पतींवरचा राग शांत झाला असे नाही, पण निदान काय झाले ते कळले.

मनात एक गोष्ट राहिली आहे, ती लिहून टाकते. पतींनी मला न सांगण्याचे कारण ‘तू घाबरशील’ असे दिले. खरे कारण, त्यांनीच पुढे कबूल केले, वेगळे होते : वृषण काढले तर आपण पुरुष म्हणून संपलो, असे त्यांना वाटत होते. तसे काही झाले नाही. निरोगी असलेले एक वृषण बहुतेकांच्या बाबतीत संप्रेरकासाठीही पुरते आणि अपत्यासाठीही. केमोची चार आवर्तने आणि पोटातील ग्रंथी काढण्याची एक मोठी शस्त्रक्रिया झाली. आज आठ वर्षे झाली.

डॉक्टर म्हणून

मी सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. असा रुग्ण बहुधा खोकल्याचे निमित्त करून येतो, औषध लिहून घेतो, आणि उठताना दारापाशी थांबून विचारतो, ‘डॉक्टर, अजून एक छोटी गोष्ट होती.’ ती छोटी गोष्ट मी आता आधी ऐकतो.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. वृषणाच्या मागच्या बाजूला दोरीसारखा मऊ, लांबट भाग लागतो. ते अधिवृषण, आणि ते सर्वांनाच असते. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणेही नेहमीचे आहे. कोशात पाणी साठले, म्हणजे हायड्रोसील झाले, तर सूज मोठी दिसते. मात्र त्या पाण्याआड गाठ दडलेली असू शकते, म्हणून तरुण वयात अचानक आलेल्या हायड्रोसीलची सोनोग्राफी मी करून घेतो. काळजी करण्यासारखी असते ती वृषणाच्या अंगातच लागणारी, टणक, बहुधा न दुखणारी गाठ, किंवा एका वृषणाचा बदललेला आकार आणि वजन. क्वचित छातीला गाठीसारखी सूज येते, कारण काही गाठी एचसीजी हे संप्रेरक तयार करतात. गर्भधारणेच्या चाचणीत शोधतात तेच हे. याउलट, अचानक उठलेली असह्य कळ ही कर्करोगाची नव्हे, तर बहुधा वृषणाला पीळ पडल्याची खूण असते, आणि तिथे सकाळची वाट पाहायची नसते. साधारण सहा तासांच्या आत पीळ सुटला तरच वृषण वाचण्याची शक्यता चांगली राहते.

‘चेंडू लागला होता’ असे अनेक जण सांगतात. मार लागल्याने हा कर्करोग होत नाही; मार लागल्यामुळे हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. हा आजार मुख्यतः १५ ते ४० या वयातला आहे, म्हणजे डॉक्टरांकडे सर्वांत कमी जाणाऱ्यांचा. दर महिन्याला ठरवून तपासणी करावी का, यावर मतभेद आहेत. लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०११ मध्ये केली, आणि मला ती पटते. पण आपले नेहमीचे काय आहे हे हाताला ठाऊक असावे. कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर त्वचा सैल असते, तेव्हा अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहिले की अर्ध्या मिनिटात कळते.

उपचारांबद्दल थोडे. बार्नेट रोझेनबर्ग १९६५ मध्ये विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत असताना प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांमुळे जिवाणूंची विभागणी थांबलेली आढळली, आणि त्यातून सिस्प्लॅटिन आले. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले. त्याआधी अशा रुग्णांपैकी फारच थोडे वाचत. आज सर्व टप्पे मिळून शंभरातील सुमारे ९५ जण बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांचे निदान १९९६ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी झाले, तेव्हा रोग फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत गेलेला होता, तरी ते बरे झाले. (पुढे त्यांची विजेतेपदे का काढून घेतली गेली तो वेगळा विषय.)

आई

मुलाचे उजवे वृषण जन्मतः खाली उतरलेले नव्हते. शस्त्रक्रिया वर्षभराच्या आत करणे चांगले असे आज सांगतात. आमची तो पाच वर्षांचा असताना झाली, आणि आम्हाला वाटले विषय संपला. अशा मुलांना पुढे या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, तो शस्त्रक्रियेने घटला तरी पुरता जात नाही, हे त्याच्या सोळाव्या वर्षी कळले. सांगायचे कोणी, यावर घरात दोन आठवडे चर्चा झाली. शेवटी मीच सांगितले. तो म्हणाला, ‘बरं’, आणि दार लावून घेतले. दिवस मोजण्याची वेळ अजून आलेली नाही.

नुसतीच भीती

माझा एक दिवस. गाठ सापडली ती रात्र झोपेविना, सकाळी दवाखान्यात, दुपारी सोनोग्राफी : अधिवृषणातील पाण्याची साधी गाठ, काही करायची गरज नाही. सोनोग्राफी करणाऱ्यांना मी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला.

बारा वर्षांनंतर

माझे ४० दिवस. कारण हास्यास्पद आहे : परीक्षा होती.

उपचारांबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून नंतरचे लिहितो. रिकाम्या जागी सिलिकॉनचे वृषण बसवायचे का, असे मला विचारले होते; मी नको म्हणालो, माझ्या ओळखीच्या एकाने बसवून घेतले, आणि आम्ही दोघेही समाधानी आहोत. सातव्या वर्षी सतत थकवा आणि उदासी आली. तपासणीत टेस्टोस्टेरॉन कमी निघाले आणि आता ते बाहेरून घेतो. बरा झाल्यानंतर इतक्या वर्षांनी असे काही होऊ शकते याची मला कल्पना नव्हती, त्यामुळे मी कित्येक महिने स्वतःला आळशी ठरवत होतो. रक्तदाब आणि हृदय यांच्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

एका बाजूला होऊन गेलेल्याला दुसऱ्या बाजूला होण्याची शक्यता थोडी असते, आणि भावांनाही इतरांपेक्षा धोका अधिक असतो. म्हणून धाकट्या भावाला फोन केला होता. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात बघतो. मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसलो.