मोठ्या शहरांचे बंब कुणी बनवायचे, हे ठरतं कसं?

भांडुपकर

परवा बस अडकली ती नेमकी अग्निशमन केंद्रासमोर. वेळ होता म्हणून आतल्या गाड्या नीट बघितल्या. एका बंबाच्या नाकावर टाटा, शेजारच्याच्या नाकावर अशोक लेलँड आणि कोपऱ्यातल्या शिडीच्या गाडीवर ब्रॉन्टो. मावसभाऊ अमेरिकेतून फोटो पाठवतो त्यात न्यूयॉर्कचे बंब बघावेत तर बहुतेक एकाच घराण्यातले वाटतात. मग आपल्याकडे ही खिचडी का? आणि निवड करतं कोण? दलाचे प्रमुख, आयुक्त, की स्वस्त देईल तो? जाणकारांनी सांगावं.

तिरकस

टक्केवारी. उत्तर संपलं, धागा बंद करा.

लेथमास्तर

तिरकसराव, तुमचं उत्तर सोपं आहे, पण त्याने भांडुपकरांचं कोडं सुटत नाही. बंबांच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. आधी लेथवर होतो, मग टेंडरची कागदपत्रं जुळवायला बसवलं. कारखान्याचं नाव विचारू नका.

पहिली गोष्ट, नाकावरचं नाव बंब बनवणाऱ्याचं नसतं. टाटा, लेलँड, आयशर देतात ती नुसती चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाकांसकटचा सांगाडा. टाकी, पंप, मागची केबिन, होज (पाण्याचे पाइप) ठेवायचे कप्पे हे सगळं दुसराच बांधतो. कापड एका दुकानातून घ्यायचं आणि शिवायला शिंप्याकडे टाकायचं, तसं. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गाड्या एकाच कारखान्यातून निघालेल्या असू शकतात. उलटही होतं. तुमच्या कोपऱ्यातल्या गाडीवर शिडीवाल्याचं नाव मोठं होतं, पण खाली चेसिस तिसऱ्याच कंपनीची असणार.

आता निवड. लोकांना वाटतं, दराचं पाकीट फुटतं तेव्हा ती होते. मुंबई महापालिकेत तीन पाकिटं असतात. अ मध्ये इसारा रक्कम, ब मध्ये पात्रतेचे आणि तांत्रिक कागद, क मध्ये दर. क उघडतं तोवर निम्मेअधिक लोक बाहेर पडलेले असतात. त्यांना बाहेर काढतं ते स्पेसिफिकेशन. म्हणून ज्याला हा खेळ समजून घ्यायचाय त्याने स्पेसिफिकेशनची पानं वाचावीत, दर नंतर बघावेत.

चांगलं स्पेसिफिकेशन काम सांगतं: सात किलो दाबाला मिनिटाला इतकं लिटर पाणी, सात मीटर खोलीवरून पाणी ओढता आलं पाहिजे, वळायला इतकीच जागा, केबिनमध्ये इतकी माणसं. आयएस ९५० सारखी बंबांसाठीची भारतीय मानकं आहेत, त्यांचा आधार घेतात. वाईट स्पेसिफिकेशन वस्तू सांगतं. एका पालिकेच्या कागदात (मुंबई नव्हे) पंपाचं वजन किलोत दिलेलं मी वाचलंय. कमाल नाही, किमान नाही, नेमकं. आग विझवायला पंपाचं नेमकं वजन कशाला लागतं? ते कुणाच्या तरी कॅटलॉगमधून उचललेलं होतं, आणि तो कॅटलॉग कुणाचा हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यासाठीच बोलीपूर्व बैठक असते. तिथे इतर कंपन्या उठून म्हणतात, साहेब, ‘किंवा समतुल्य’ घाला. कधी घालतात, कधी नाही. तिरकसरावांचा संशय खरा ठरायचा असेल तर तो इथे ठरतो.

पण दरवेळी काळंबेरं नसतं, हेही सांगतो. दलाच्या वर्कशॉपला खरोखरच एखादा पंप हवा असतो, कारण त्याचे सील, इम्पेलर, वॉशर त्यांच्या कपाटात पडून असतात आणि यंत्रचालकांचा हात त्या पॅनलवर बसलेला असतो. रात्री वर्दी आली, धूर भरलाय, अशा वेळी कुठली व्हॉल्व्हची मूठ कुठे हे शोधत बसायला लागलं तर काय उपयोग? हीच गोष्ट कागदावर ‘अमुकच कंपनी’ अशी लिहिली की ऑडिटवाला धरतो. मग वजन लिहितात.

भांडुपकर

मास्तर, छान सांगितलंत. म्हणजे ब पाकिटातून जे उरले त्यांच्यात सगळ्यात कमी दराचा जिंकतो, बरोबर? मग पुढच्या खेपेला दुसराच जिंकणार. खिचडी तिथूनच होते का?

लेथमास्तर

अगदी तिथूनच. दर खेपेचा एल-वन (सगळ्यात कमी दराचा बोलीदार) वेगळा, म्हणून दर खेपेचे बंब वेगळे. त्यात सध्या खरेदी भरपूर आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुन्हा होत नाही. बंबाच्या बाबतीत हा हिशेब मला पटत नाही. किलोमीटर बघितले तर गाडी नवीकोरी वाटते, झीज होते ती उभ्या जागी पंप चालवून. मोजायचे तर पंपाचे तास मोजा. पण नियम तो नियम. त्याच वर्षी केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजनाही आणली.

कमी दराचं दुखणं दोन वर्षांनी कळतं. गाडी दारात आली की फोटो निघतात, पण प्राइमर (पंपातली हवा काढून पाणी वर खेचणारा भाग) बिघडला की फोन उचलणार कोण? म्हणून शहाणी पालिका खरेदीबरोबरच काही वर्षांचा देखभाल करार बांधून घेते आणि त्याचाही दर त्याच स्पर्धेत धरते. तसं केलं की स्वस्त गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही.

आणि तपासणी. गाडी पाठवण्याआधी दलाचे अधिकारी कारखान्यात येतात. आमच्याकडे खोल खड्डा होता, पाण्याचा. पंप कोरडा ठेवून सक्शन होज खाली सोडायची, प्राइमर ओढायचा आणि साहेबांनी घड्याळ लावायचं. एक साहेब होते, ते घड्याळ शिपायाकडे देत आणि स्वतः होजच्या जोडांवर कान लावत. एका जोडात बारीक फुसफुस ऐकू आली. वॉशर दुमडलेला. वेळ नियमात बसत होती, तरी त्यांनी होज काढायला लावली, वॉशर बदलला, पुन्हा पहिल्यापासून. आमचे मॅनेजर घामाघूम. पुढच्या टेंडरला त्याच शहराचं नाव ऐकून आमचा मालक आधी आम्हाला विचारायचा, ‘ते साहेब अजून आहेत का?’ दर त्यावर ठरायचा.

सीमा_जर्सी

मी जर्सी सिटीत राहते, नवरा अशाच सुट्या भागांच्या धंद्यात आहे, म्हणून दोन शब्द. न्यूयॉर्कलाही बंद पाकिटातल्या बोलीनेच खरेदी होते. बंब एकसारखे दिसतात कारण दलाचं स्पेसिफिकेशन फार जाडजूड आणि त्यांच्यापुरतं असतं. जुन्या केंद्रांचे दरवाजे बुटके, गल्ल्यांत दुतर्फा गाड्या उभ्या. तयार मॉडेल तिथे चालत नाही, त्यांच्या मापाचं बनवून द्यावं लागतं, आणि ते करायला फार कुणी तयार नसतं. सीग्रेव्ह ही १८८१ची कंपनी, आता विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिलला. न्यूयॉर्कच्या बंबांवर तिचं नाव वर्षानुवर्षं दिसतं. फेरारा ही लुइझियानाची कंपनीही आहे. लॉस एंजेलिसकडे पिअर्स जास्त दिसतात.

पण इथली आजची रडकथा वेगळी आहे. निवडायला उरलंय कोण? आरईव्ही ग्रुपने ई-वन, मग २०१६ला केएमई, २०१७ला फेरारा, २०२०ला स्पार्टनचे बंब असं सगळं आपल्या छत्राखाली घेतलं. केएमईचे पेनसिल्व्हेनियातले कारखाने नंतर बंद केले. पिअर्स १९९६पासून ऑशकॉशकडे. तिसरी रोझेनबाउअर, ऑस्ट्रियाची. बाजाराचा मोठा वाटा या तिघांकडे. शहरं आज मागणी नोंदवतात आणि गाडी तीन-चार वर्षांनी मिळते. किंमत अधेमधे वाढवायची कलमंही घालतात. २०२५मध्ये यावरून सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि विस्कॉन्सिनच्याच ला क्रॉस शहराने कंपन्यांवर दावा लावला. छोटी शहरं तर स्वतः टेंडरही काढत नाहीत. सोर्सवेलसारख्या सहकारी खरेदी संस्थेने आधीच ठरवलेल्या करारातून गाडी उचलतात.

तिरकस

म्हणजे आमच्याकडे खिचडी, त्यांच्याकडे मक्तेदारी. आणि ती ब्रॉन्टो? ती कशी घुसली?

लेथमास्तर

घुसली नाही हो. उंच शिड्यांचं जगच लहान आहे. ब्रॉन्टो फिनलंडची, माजिरस जर्मनीतल्या उल्मची. उंच इमारतींसाठी प्लॅटफॉर्म हवा म्हटलं की मोजकीच नावं समोर येतात आणि भारतातला एजंट त्यांचं पत्र घेऊन पाकीट भरतो. तिथे मालकसुद्धा बदलतात. ब्रॉन्टो २०१६मध्ये जपानच्या मोरिताकडे गेली, माजिरस अलीकडे इव्हेकोने विकली. म्हणून मी विचारेन की सुटे भाग किती वर्षं देणार हे मूळ कंपनीने लिहून दिलंय का, की नुसत्या एजंटाने? एजंट बदलला तर शिडी उभीच राहते, खाली कुणी उतरवायचं?

सीमाताई, तुमच्याकडच्या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. बनत असलेली गाडी बघायला दलाची माणसं कारखान्यात मधल्या टप्प्यावर जातात म्हणे. आमच्याकडे साहेब यायचे ते रंग लागल्यावर. टाकीच्या आतले आडवे पडदे नीट वेल्ड झालेत का, हे रंग लागल्यावर काय दिसणार?

भांडुपकर

माझ्या वॉर्डात लवकरच दोन नवे बंब येणार असं ऐकतोय. टेंडरची पानं मिळाली तर कुठल्या ओळी वाचू?

लेथमास्तर

पात्रतेची अट आधी वाचा, मागच्या तीन वर्षांची उलाढाल आणि आधीच्या पुरवठ्याची संख्या. ती इतकी वर नेलेली असेल की एकदोघेच बसतील, तर प्रश्न विचारा. मग देखभाल करार दरात धरलाय का ते बघा. आणि बीएस-सहाचं (नव्या प्रदूषण नियमांचं) इंजिन उभ्या जागी तासन् तास पंप ओढताना मधेच काजळी अडवणाऱ्या धूर-जाळीची सफाई मागू लागलं तर काय, याचं लेखी उत्तर चेसिसवाल्याकडून घेतलंय का. हा प्रश्न बोलीपूर्व बैठकीच्या इतिवृत्तात सापडला, तर समजा कुणीतरी यंत्रचालकाला विचारून कागद केलाय. पानं मिळाली की इथे टाका, मी बघतो.