माझा घरचा पत्ता आणि आधार नंबर भाडेकरूकडे जाऊ न देता फ्लॅट भाड्याने कसा द्यावा?

नाशिककर_ताई: वाकडला माझ्या नावावर टू बीएचके आहे, मी राहते नाशिकला आईसोबत. मागचा भाडेकरू डिपॉझिटवरून बिनसलं तर सरळ नाशिकला दारात येऊन उभा राहिला, आई एकटी घरी होती, खूप घाबरली. पत्ता त्याला एग्रीमेंटवरूनच मिळाला, आणि एजंटने तर माझ्या आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवलेला. आता एकजण म्हणतोय मैत्रिणीच्या नावावर फ्लॅट करून ठेव. करू का?

प्रसाद_पुणे: ताई ते अजिबात करू नका!! पैसे तुमचे आणि नाव दुसऱ्याचं म्हणजे बेनामी, 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे आणि प्रॉपर्टी जप्त होते ती वेगळीच. मालक म्हणून नाव लपत नाही हे धरूनच चाला, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, तो कोणीही काढू शकतं. आणि एग्रीमेंट रजिस्टर न करता नुसतं नोटरी करायच्या भानगडीतही पडू नका, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच आहे, उद्या भाडेकरू घर सोडेना तर तोच कागद कामाला येतो.

सुजाता_के: मी सात वर्षं दुबईत आहे, ठाण्याचा फ्लॅट भावाच्या नावाने रजिस्टर्ड कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून भाड्याने देते. अंगठा त्याचा, सही त्याची, पत्रव्यवहाराला पत्ता त्याचा, भाडेकरूने माझा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. फक्त माणूस अगदी भरवशाचा हवा, आणि पत्रात भाड्याने देण्यापुरतेच अधिकार लिहा, विकायचे चुकूनही नाही.

प्रसाद_पुणे: हे बेस्ट. त्यासोबत कुठेही झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात, आणि कॉपीवर आडवं लिहा ‘फक्त वाकड फ्लॅटच्या भाडेकरारासाठी’ आणि तारीख. भाड्यासाठी वेगळं खातं, वेगळं सिम. पॅन मात्र द्यावा लागेल, वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असलं की एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी) भाडेकरूला तो लागतोच.

नाशिककर_ताई: खूप खूप आभार दोघांचे. मामेभाऊ पिंपरीत असतो, आत्ताच फोन केला, तो तयार आहे. मास्क्ड आधारपण डाउनलोड केलं, पहिले आठ आकडे नुसत्या फुल्या. जुन्या एजंटला आधी तो फोटो डिलीट करायला लावते.